अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनला लाल रंग दिसायचाच नाही! कारण सापडलं मृत्यूनंतर १५१ वर्षांनी

शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने जॉन डाल्टनचं नाव ऐकलेलं असतं. पदार्थ अणूंचा बनलेला असतो, एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे असतात, हा डाल्टनचा अणुसिद्धांत परीक्षेत हमखास विचारला जायचा. पण या डाल्टनच्या शरीरात एक वेगळीच गोष्ट होती, तिचा उल्लेख पुस्तकात सहसा सापडत नाही. त्याला लाल आणि हिरव्या रंगातला फरक कळत नव्हता.

गंमत म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. कळलं तेव्हा त्याने ते लपवलं नाही. स्वतःच्या डोळ्यांवर त्याने शोधनिबंध लिहिला आणि मृत्यूनंतर ते डोळे तपासायलाही दिले.

विणकराचा मुलगा, बाराव्या वर्षी मास्तर

डाल्टनचा जन्म १७६६ साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ईगल्सफील्ड नावाच्या खेड्यात झाला. वडील हातमागावर कापड विणायचे. घर क्वेकर पंथाचं होतं. साधे कपडे, साधं बोलणं आणि भडक रंगांपासून लांब राहणं ही या पंथाची ओळख. हा पंथ इंग्लंडच्या अधिकृत चर्चला मानत नव्हता, त्यामुळे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्यांचे दरवाजे डाल्टनसाठी बंदच होते.

पण पोरगा हुशार होता. बाराव्या वर्षी तो गावातल्या शाळेत चक्क शिकवायला लागला. पंधराव्या वर्षी केंडल या गावी गेला आणि मोठा भाऊ जोनाथनबरोबर तिथल्या क्वेकर शाळेत काम करू लागला.

केंडलमध्ये त्याला जॉन गॉफ हे गुरू भेटले. लहानपणी देवीच्या आजारात गॉफ यांची दृष्टी गेली होती. तरीही गणित, भाषा, वनस्पती, हवामान अशा कितीतरी विषयांत त्यांची गती होती. हवामानाची रोज नोंद ठेवायची सवय डाल्टनला त्यांनीच लावली. १७८७ मध्ये सुरू झालेली ती वही डाल्टनने मरेपर्यंत, म्हणजे तब्बल ५७ वर्षं चालवली. त्यात दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत.

एका फुलाने घोळ घातला

१७९०च्या सुमारास डाल्टन वनस्पतींचा अभ्यास करू लागला. फुलांची नोंद करताना रंग लिहावा लागायचा आणि तिथेच त्याची गाडी अडायची. हे फूल निळं आहे की गुलाबी, असं तो शेजाऱ्याला विचारायचा. समोरच्याला वाटायचं, हा आपली थट्टा करतोय. डाल्टनला मात्र वाटायचं की रंगांची नावंच लोक नीट वापरत नाहीत.

१७९२च्या शरद ऋतूत त्याचा हा समज मोडला. जिरेनियमचं एक गुलाबी फूल त्याने मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. दिवसा तेच फूल त्याला आकाशी निळं दिसायचं. आता त्यात निळ्याचा मागमूस नव्हता आणि ते लालसर दिसत होतं. एकच फूल आणि दोन पूर्ण वेगळे रंग! त्याने मित्रांना बोलावून फूल दाखवलं. त्यांना दोन्ही उजेडात त्यात फारसा फरक दिसला नाही. फक्त एका माणसाला फूल अगदी डाल्टनसारखंच दिसलं, तो म्हणजे त्याचा सख्खा भाऊ जोनाथन.

दोष शब्दांचा नाही, आपल्या आणि भावाच्या डोळ्यांतच काहीतरी वेगळं आहे, हे त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं.

हे कसं घडलं? गुलाबी फुलावरून लाल आणि निळा असा दोन्ही प्रकारचा प्रकाश परावर्तित होतो. डाल्टनच्या डोळ्यांना त्यातला निळा भाग ठळक जाणवायचा, म्हणून उन्हात फूल निळं. मेणबत्तीच्या उजेडात निळा प्रकाश फारच कमी असतो. त्यामुळे रात्री तो निळा भाग गायब.

स्वतःच्या डोळ्यांवर शोधनिबंध

१७९३ मध्ये डाल्टन मँचेस्टरला आला आणि न्यू कॉलेजमध्ये शिकवू लागला. पुढच्या वर्षी तिथल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. त्यानंतर महिना उलटायच्या आत, ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी, त्याने तिथे पहिला निबंध वाचला. २८ वर्षांचा नवखा मास्तर शहरातल्या विद्वानांसमोर उभा राहून सांगत होता की मला रंग नीट दिसत नाहीत.

त्याने काहीही झाकून ठेवलं नाही. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात त्याला मुख्यतः पिवळा आणि निळा हे दोनच रंग वेगळे दिसायचे. लाल म्हणजे जेमतेम एक सावली. नारिंगी, पिवळा आणि हिरवा या त्याच्यासाठी पिवळ्याच्याच छटा. पत्रावर शिक्का मारायची लाल लाख आणि झाडाचं हिरवं पान त्याला जवळपास सारखंच दिसे. रक्त तर बाटलीच्या काचेसारखं गडद हिरवं वाटायचं. मोज्यावरचा डाग रक्ताचा की चिखलाचा, हे त्याला सांगता येत नसे.

एवढ्यावर तो थांबला नाही. असे आणखी लोक आहेत का, याचा शोध त्याने घेतला. आपल्या २५ विद्यार्थ्यांच्या एका वर्गात त्याला दोन मुलं सापडली, दुसऱ्या तशाच वर्गात एक. चौकशी करत करत जवळपास वीस जणांची माहिती मिळाली. यात एक गोष्ट त्याने टिपून ठेवली, ती म्हणजे या यादीत एकही बाई नव्हती. असं का, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

कारण मात्र चुकलं

आपल्याला असं का दिसतं, याचंही उत्तर डाल्टनने शोधलं. डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. आपल्या डोळ्यात तो निळसर असणार आणि लाल प्रकाश तिथेच शोषला जात असणार, असा त्याचा अंदाज होता. थोडक्यात, जन्मापासून आत निळ्या काचेचा चष्मा बसवलेला!

१८०७ मध्ये थॉमस यंग या शास्त्रज्ञाने वेगळं मत मांडलं. गडबड द्रवात नाही, डोळ्याच्या मागच्या पडद्यात असावी आणि तिथला एखादा रंग ओळखणारा घटकच नसावा, असं त्याचं म्हणणं होतं. डाल्टन मात्र आपल्या मतावर ठाम राहिला. पण कोण बरोबर हे वादाने ठरणार नाही, डोळा उघडूनच कळेल, हेही त्याला मान्य होतं. म्हणून आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासावेत, अशी सूचना त्याने देऊन ठेवली.

दरम्यान त्याचं नाव मोठं होत गेलं. १८०८ मध्ये अणुसिद्धांताचा ग्रंथ आला. १८२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो म्हणून निवडलं. ज्या ऑक्सफर्डची पदवी त्याला एके काळी घेता आली नसती, त्याच ऑक्सफर्डने १८३२ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली. त्या पदवीचा झगा होता भडक लाल. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याच्या दरबारात जाताना डाल्टनने तोच झगा घातला. क्वेकर माणसाने लाल रंग घालावा का, ही अडचण त्याच्यापुरती आपोआप सुटली होती. त्याला तो झगा चिखलाच्या रंगाचा दिसत होता.

मृत्यूनंतरचा प्रयोग

२७ जुलै १८४४ रोजी डाल्टनचा मृत्यू झाला. आदल्या दिवशीही त्याने वहीत हवामानाची नोंद केली होती. त्याच्या अंत्यदर्शनासाठी मँचेस्टरमध्ये ४० हजारांवर लोक आले. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या, साधेपणाने जगलेल्या मास्तरासाठी ही गर्दी अफाट होती.

मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी त्याचे डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी त्याची इच्छा पूर्ण केली. एका डोळ्यातला द्रव त्यांनी घड्याळाच्या काचेत ओतला. तो स्वच्छ, पारदर्शक निघाला. निळेपणाचा अंशही नव्हता. दुसऱ्या डोळ्याला त्यांनी मागून छेद दिला आणि त्यातून लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. दोन्ही रंग जसेच्या तसे दिसले.

म्हणजे डाल्टनचा ५० वर्षांचा अंदाज एका दिवसात खोटा ठरला, तोही त्याने स्वतः सांगून ठेवलेल्या प्रयोगातून. पण खरं कारण काय, हा प्रश्न तसाच राहिला. डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरच्या सोसायटीने जपून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात सोसायटीच्या इमारतीबरोबर डाल्टनची बरीचशी कागदपत्रं जळाली. डोळे मात्र वाचले.

१९९५ : डोळ्यांनी दिलं उत्तर

१९९५ मध्ये केंब्रिज आणि लंडनच्या संशोधकांनी या डोळ्यांचा अगदी छोटा तुकडा घेऊन त्यातला डीएनए तपासला आणि कोडं सुटलं.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे तीन प्रकार आहेत. त्यांना ढोबळमानाने लाल, हिरव्या आणि निळ्या पेशी म्हणतात. मेंदू या तिघींच्या संदेशांची तुलना करून रंग ठरवतो. डाल्टनच्या डीएनएमध्ये यातल्या हिरव्या पेशींसाठी लागणारं जनुकच नव्हतं. यंगचा रोख बरोबर होता, पण त्याला वाटलं होतं की लाल ओळखणारा घटक गायब आहे. प्रत्यक्षात गायब होता हिरवा.

बायका यादीत का नव्हत्या, याचंही उत्तर इथेच आहे. लाल आणि हिरव्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. पुरुषाकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडून येतो. त्यात दोष असेल तर पर्याय नाही. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणूनच युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण ८ टक्के, तर बायकांमध्ये जेमतेम अर्धा टक्का प्रमाण आढळतं. डाल्टन आणि जोनाथन या दोघा भावांना हा वारसा आईकडून मिळाला होता, तिला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसत असूनही.

आज याचं काय?

डाल्टनच्या काळात रंगांधळेपणामुळे कुणाची नोकरी जात नव्हती. रेल्वे आली, लाल-हिरवे सिग्नल आले आणि चित्र बदललं. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये रेल्वेचा मोठा अपघात झाला, त्यानंतर तिथे रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासायला सुरुवात झाली. १९१७ मध्ये जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेली चाचणी आणली. आपल्याकडे मेडिकलमध्ये दाखवतात ती हीच. अनेकांना आपला रंगांधळेपणा कळतो तो याच टेबलावर, हातात आलेली नोकरी निसटताना.

इंजिन चालवणाऱ्याला सिग्नलचा रंग दिसायलाच हवा, यात वाद नाही. पण सगळीकडे तोच नियम का? जून २०२०मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्सची वाट मोकळी केली. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये फिल्म एडिटिंगच्या कोर्ससाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की संस्थेने रंगांधळ्या उमेदवारांना सगळ्या कोर्सना प्रवेश द्यावा. सिनेमा अनेकांनी मिळून करायची कला आहे आणि एकाची मर्यादा दुसऱ्याच्या मदतीने भरून निघू शकते, हे न्यायालयाने मान्य केलं.

फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत आजही रंगांधळेपणाला डाल्टनच्याच नावावरून शब्द आहे. अणूंचं वस्तुमान मोजायच्या एककालाही डाल्टनच म्हणतात. तुमच्या ओळखीतलं एखादं मूल हिरव्या खडूऐवजी सतत तपकिरी उचलत असेल, तर त्याला हसू नका की रागावू नका. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासून घ्या. डाल्टनला जे २६व्या वर्षी एका फुलामुळे कळलं, ते आज पाच मिनिटांत कळतं.