लॉर्ड बेकन

ज्ञानाचें मोल ज्यानें साऱ्या युरोपास पटवून दिलें, त्याचेंच नांव लांच घेऊन पदच्युत झालेल्या न्यायाधीशांतही आढळतें, हें वाचून आमच्या विद्यार्थिवाचकांस नवल वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. फ्रॅन्सिस बेकन याचें चरित्र मुलांस सांगतांना यांपैकीं दुसरी गोष्ट झांकून ठेवण्याचा मोह होतो. परंतु तसें करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

बेकन याचा जन्म लंडन शहरीं ता. २२ जानेवारी १५६१ रोजीं झाला. बाप सर निकोलस हा एलिझाबेथ राणीच्या दरबारीं राजमुद्रेचा रक्षक होता. आई ग्रीक व लॅटिन भाषांत पारंगत असून मोठी धर्मनिष्ठ होती. बाराव्या वर्षीं हा मुलगा वडील भावासह केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला. तेथें ॲरिस्टॉटलच्या मतांवर वादविवाद करण्यांतच विद्येची परिसीमा मानीत. ह्या वादांनीं बुद्धीस धार येते, पण मनुष्याच्या संसारास उपयोगी असें फळ त्यांतून कांहींच निघत नाहीं, असें त्या कोवळ्या वयांतच त्याच्या मनानें घेतलें.

पुढें इंग्लंडच्या वकिलाबरोबर तो फ्रान्सांत असतां १५७९ सालीं बाप वारला. धाकट्या मुलाच्या वांट्यास फारच थोडें आलें, म्हणून त्यानें कायद्याचा अभ्यास करून वकिली पतकरली. मावशीचे यजमान लॉर्ड बर्ली हे राणीचे मुख्य मंत्री होते. पण त्यांच्याकडून व्हावें तितकें साहाय्य झालें नाहीं. हात दिला तो अर्ल ऑफ एसेक्स ह्या तरुण सरदारानें. बेकनला मोठी जागा मिळावी म्हणून त्यानें राणीपाशीं पुष्कळ खटपट केली, आणि ती निष्फळ झाली तेव्हां आपली जमीन त्यास देऊन टाकिली. इ. स. १६०१ मध्यें हाच एसेक्स राजद्रोहाच्या आरोपावरून न्यायासनापुढें उभा राहिला, तेव्हां सरकारपक्षानें बोलणाऱ्यांत बेकन होता! एसेक्सचा अपराध खरा होता व बेकन राणीचा सेवक होता, हें सर्व आम्हांस मान्य आहे. तरीही हें पान वाचतांना मन खिन्न होतें.

पहिल्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत त्याचें दैव उघडलें. १६१८ सालीं तो लॉर्ड चान्सेलर, म्हणजे देशांतील सर्वांत श्रेष्ठ न्यायाधिकारी झाला. आणि १६२० सालीं त्याचा ‘नोव्हम ऑर्गॅनम’ हा लॅटिन ग्रंथ बाहेर पडला. सृष्टीचें ज्ञान जुन्या पोथ्यांतून नव्हे, तर सृष्टीकडे पाहून, प्रयोग करून व उदाहरणें जमवून हळूहळू मिळवावें, असें त्यांत प्रतिपादन आहे. नुसतें गोळा करणारा पंडित मुंगीसारखा व स्वतःच्या पोटांतून जाळें विणणारा कोळ्यासारखा. खरा ज्ञानी मधमाशीसारखा, जी फुलांतून रस घेते आणि आपल्या शक्तीनें त्याचा मध करते.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो मनुष्यस्वभावाचा भाग. आपल्या बुद्धींत चार प्रकारच्या खोट्या मूर्ति ठाण मांडून बसल्या आहेत, असें तो म्हणतो. पहिली सर्व मानवजातीस समान. मनास जें रुचतें त्याला अनुकूल तेवढेंच आपण लक्षांत ठेवितों. नवस फेडलेल्या लोकांचीं चित्रें देवळांत दाखविलीं असतां, नवस करूनही बुडालेल्यांचीं चित्रें कोठें आहेत, असें विचारणाऱ्या एका मनुष्याची जुनी गोष्ट त्यानें येथें दिली आहे. (मांजर आडवें जाऊनही परीक्षेंत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आपल्यांत थोडे नसतील, पण तें कोणास आठवतें?) दुसरी मूर्ति ज्याच्या त्याच्या स्वभावाची व संगोपनाची, तिसरी बाजारांतल्या सैल शब्दांची, आणि चौथी मोठमोठ्या मतांच्या दराऱ्याची. ह्या मूर्ति आधीं ओळखाव्या, मगच ज्ञानाच्या मंदिरांत पाऊल टाकावें.

इतकें ज्यानें ओळखिलें, त्याला स्वतःच्या मनांतली मूर्ति मात्र दिसली नाहीं. त्याला थाटमाट प्रिय, नोकरचाकर पुष्कळ, कर्ज तर तरुणपणापासूनचें. १५९८ सालीं कर्जापायीं अटकही झाली होती. १६२१ सालीं पार्लमेंटपुढें पक्षकारांकडून पैसे घेतल्याचे आरोप आले. त्या काळीं अधिकाऱ्यांस नजराणे देण्याची चाल सर्रास होती, आणि तक्रार करणाऱ्यांत पैसे देऊनही दावा हरलेले लोक होते, हें खरें. ह्यावरून त्याचा न्याय पैशानें विकला गेला नसेलही. पण पैसे घेतले हें त्यानें स्वतःच कबूल केलें. चाळीस हजार पौंड दंड, टॉवर ऑफ लंडन येथें कैद व सर्व अधिकारपदांस कायमची बंदी, अशी शिक्षा झाली. राजानें थोड्याच दिवसांत त्यास मुक्त करून दंडही सोडला. अधिकार मात्र परत मिळाला नाहीं.

उरलेलीं पांच वर्षें त्यानें लेखणी खालीं ठेविली नाहीं. १५९७ सालीं अवघे दहा असलेले त्याचे निबंध १६२५ च्या आवृत्तींत अठ्ठावन्न झाले. एका काल्पनिक बेटावर विद्वानांचा संघ मिळून प्रयोग करीत आहे, अशी एक कथाही त्यानें अर्धवट लिहून ठेविली. पुढें १६६० सालीं लंडनमध्यें रॉयल सोसायटी स्थापन झाली, तेव्हां तिच्या चालकांनीं बेकनला गुरुस्थानीं मानलें.

१६२६ च्या वसंतांत हायगेट गांवाजवळून जातांना, बर्फानें मांस टिकतें कीं काय हें पाहण्यासाठीं त्यानें एक कोंबडी विकत घेऊन तींत स्वहस्तें बर्फ भरलें व त्यामुळें थंडी बाधली, अशी आख्यायिका आहे. मृत्युशय्येवरून लिहविलेल्या पत्रांत आपला प्रयोग उत्तम साधल्याचें त्यानें कळविलें. ता. ९ एप्रिल रोजीं तो निवर्तला. सृष्टिशास्त्र शिकविण्यासाठीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें अध्यापक नेमावे, म्हणून त्यानें मृत्युपत्रांत देणगी लिहून ठेविली होती. सावकारांचीं देणीं इतकीं निघालीं, कीं त्या देणगीस पैसाच उरला नाहीं.