सुकाणू बघून शिकलेला इंजिनिअर : निकोलस मिनोर्स्की

कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर आला की पी, आय आणि डी ही तीन अक्षरं आपल्या मागे लागतात. जर्नलमध्ये समीकरण लिहायचं, ग्राफ चिकटवायचा, सरांची सही घ्यायची, झालं! पण मित्रांनो, या तीन अक्षरांचं गणित ज्यांनी पहिल्यांदा नीट मांडलं, त्यांची गोष्ट जर्नलमध्ये कुठेच नसते.

निकोलस मिनोर्स्की यांचा जन्म १८८५ चा, रशियात व्होल्गा नदीकाठच्या कोर्चेवा गावातला. शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या नौदल अकादमीत झालं. रशियन क्रांतीनंतर, १९१८ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये स्टाइनमेट्झ यांच्या हाताखाली काम करू लागले.

त्यांच्यासमोरचा प्रश्न असा होता, की जहाज आपोआप सरळ कसं चालवायचं? त्यांनी सुकाणूवरच्या खलाशांकडे लक्ष दिलं. कसलेला खलाशी जहाज किती वळलं एवढंच बघत नाही. ते किती वेगाने वळतंय हेही बघतो, आणि वारा सतत एकाच बाजूला ढकलत असेल तर त्याचाही हिशेब ठेवतो. म्हणजे पी, डी आणि आय! १९२२ मध्ये त्यांनी हे सगळं गणितात मांडलं.

१९२३ मध्ये 'न्यू मेक्सिको' या अमेरिकन युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. डी नसताना जहाज दोन्ही बाजूंना २ अंशांपर्यंत भरकटायचं. डी घातल्यावर ही चूक १/६ अंशावर आली. बहुतेक खलाशांनाही हे जमत नव्हतं. तरीही नौदलाने ते यंत्र घेतलं नाही, कारण जहाजावरच्या लोकांचाच त्याला विरोध होता. ज्यांच्याकडून शिकले, त्यांनाच ते नको होतं! अर्थात, आपली जागा मशीन घेणार म्हटल्यावर कोणाला आवडेल?

मिनोर्स्की मात्र थांबले नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवलं, जहाजाचं डोलणं कमी करण्यावर आणि नॉन-लिनिअर सिस्टिम्सवर काम केलं. १९७० मध्ये इटलीत त्यांचं निधन झालं.

त्यांना युद्धनौका लागली होती, आपल्याला एक खोकं पुरतं. त्यात १२ व्होल्टचा बल्ब, एलएम३५ सेन्सर, बल्ब चालवायला मॉस्फेट, बाहेर आर्डुइनो उनो आणि लॅपटॉप. सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळपास अर्ध्या अंशाची. नुसता पी ठेवला तर तापमान सेट पॉइंटच्या थोडं खालीच राहतं. आय ती कसर भरून काढतो, पण जास्त झाला तर तापमान वर उडी मारतं. आणि डी त्या अर्ध्या अंशाच्या पायरीलाच खरा बदल समजून बल्ब फडफडवतो! म्हणून आधी चार-पाच रीडिंग्जची सरासरी घ्यायची.

एक सुचवावंसं वाटतं. प्रोग्रॅम चालू करण्याआधी दहा मिनिटं बल्ब स्वतःच्या हाताने कमी-जास्त करून तापमान ५० अंशांवर धरून बघा. आपण काय बघतो, कधी घाई करतो, कधी थांबतो, ते वहीत लिहा. मग समीकरण उघडा. तीनही अक्षरं ओळखीची वाटतील.