मजुरी आणि वेठ

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे नाव घेतले की आपल्याला राज्यघटना आठवते, महाडचे चवदार तळे आठवते. परंतु मालकाने मजुराला काय द्यावे, याविषयी त्यांनी केलेले काम आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी सांगत नाही. म्हणून येथे त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग घेतला आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील लष्करात सुभेदार होते. न्यूयॉर्क व लंडन येथील त्यांचे शिक्षण सर्वांना ठाऊक आहे. एवढी विद्या मिळवूनही बरीच वर्षे ते मुंबईत परळला, इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. शेजार गिरणी कामगारांचा होता.

तरी मला वाटते, मजुरीच्या प्रश्नाचे मूळ त्यांना गिरणीपेक्षा खेड्यात अधिक स्पष्ट दिसले. महार वतनदाराला रात्री-अपरात्री केव्हाही हाक येई. सरकारी कागद पोहोचवावा, अंमलदाराचे सामान वाहावे, मयताचा निरोप परगावी न्यावा, मेलेले जनावर ओढून टाकावे. तो घरी नसला तर त्याच्या बापाने किंवा भावाने जावे. याचा मोबदला काय, तर थोडी वतनी जमीन, क्वचित सरकारकडून किरकोळ रक्कम आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते बलुते. गावाची मर्जी फिरली की बलुते बंद; काम मात्र चुकत नसे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्याने निदान सकाळीच मजुरी ठरवली होती!

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदाराची कामे नेमकी ठरावीत, मोबदल्याची खात्री असावी आणि ज्याला वतनाच्या चाकरीतून सुटायचे असेल त्याला सुटता यावे, असा त्याचा रोख होता. विरोध फार झाला. १९२९ साली विधेयक मागे घ्यावे लागले. ही कनिष्ठ वतने रद्द व्हायला पुढे १९५९ साल उजाडले.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते आले. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. थोड्याच महिन्यांत ते त्या पदावर राहिले नाहीत. विधेयक संमत झाले ते स्वातंत्र्यानंतर, जगजीवन राम मजूरमंत्री असताना, आणि १५ मार्च १९४८ पासून कायदा लागू झाला.

संघटना करणे ज्यांना जमत नाही, अशांसाठी तो होता: विडी वळणारे, खडी फोडणारे, तेलाच्या व भाताच्या गिरण्यांतले कामगार, शेतमजूर. सरकारने दर ठरवावा, पाच वर्षांच्या आत तो पुन्हा तपासावा आणि मालकाने त्याहून कमी देऊ नये, अशी योजना होती. मजुराने गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली, कागदावर अंगठाही उठवला, तरी तो करार रद्द. आपल्याला परवडत नाही ही मालकाची सबब सर्वोच्च न्यायालयानेही मानली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. जुन्या कायद्यात ठरावीक धंद्यांचीच यादी होती. ती मर्यादा नव्या संहितेत नाही.

ज्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते, तिच्या घटनेत कलम २३ आहे. ते वेठबिगारीस मनाई करते. दिल्लीच्या एशियाड खेळांसाठी बांधकाम चालू असताना मजुरांना कमी पैसे मिळत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८२ साली न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हीदेखील कलम २३ खाली वेठच होय. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे उलटली होती.