पक्षिमित्र डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली यांचे नाव घेतले, की गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक सडपातळ वृद्ध गृहस्थ डोळ्यांसमोर उभे राहतात. भारतातील पक्ष्यांचा एवढा मोठा जाणकार क्वचितच झाला असेल. परंतु लहानपणी त्यांच्या हातात दुर्बीण नव्हती, छऱ्याची बंदूक होती. बंदूक घेऊन हिंडणारा हा मुलगा पक्ष्यांचा रखवालदार कसा झाला, ही त्यांच्या जीवनातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. सलीम एक वर्षाचा असताना वडील वारले आणि तीन वर्षांचा असताना आईचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भाचरांना खेतवाडीतील आपल्या घरी आणून मायेने वाढवले.

मामांना शिकारीची हौस होती. त्यामुळे सलीमलाही लहान वयातच छऱ्याची बंदूक मिळाली. चिमण्या टिपणे हा त्याचा आवडता खेळ झाला. एकदा तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंडी उबवत असे आणि नर बाहेर पहारा करी. सलीमने लपून त्या नराला टिपले. थोड्याच वेळाने मादीने दुसरा नर मिळवला. सलीमने त्यालाही टिपले. अशा रीतीने सात दिवसांत त्याने आठ नर मारले आणि ही सारी हकिकत वहीत नोंदवून ठेवली. त्या वेळी त्याला आपल्या नेमबाजीचा अभिमान वाटला. त्या नोंदीचे शास्त्रीय मोल त्याला पुष्कळ वर्षांनी कळले आणि सुमारे साठ वर्षांनी ती छापलीही गेली. मुलगा शिकारी होता, पण त्याची नजर निरीक्षकाची होती.

सलीम दहा-बारा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. ती नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असा पक्षी खाणे हलाल आहे की नाही, अशी शंका आली. सलीम ती चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनी ती निरखून पाहिली, पण त्यांनाही ती ओळखता आली नाही. आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली आहे. मामांनी संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठवले.

गोऱ्या साहेबासमोर जायचे म्हणून सलीमची छाती धडधडत होती. परंतु मिलार्ड यांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. ती पीतकंठी चिमणी आहे, हे त्यांनी सांगितले. मग कपाटाचे एकेक खण उघडून त्यांनी पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. पक्ष्यांवरची पुस्तके वाचायला दिली. मेलेल्या पक्ष्याचे कातडे कसे काढावे, ते कसे टिकवावे आणि कोठे, केव्हा मिळाला याची नोंद कशी करावी, हे शिकण्याची सोय करून दिली.

विद्यार्थी मित्रांनो, मिलार्ड यांनी त्या दिवशी सलीमला रागावून हाकलले असते, तर तो घाबरून पुन्हा तिकडे फिरकला नसता. नुसती नेमबाजीची शाबासकी देऊन वाटेला लावले असते, तर तो आणखी एक शिकारी झाला असता. मिलार्ड यांनी यांपैकी काहीच केले नाही. ज्याला आपण मारले, तो कोण होता, हे जाणून घेण्याची ओढ त्यांनी सलीमच्या मनात लावली. खऱ्या उस्तादाचे हे लक्षण आहे.

त्या काळी शिकार हा राजेरजवाड्यांचा, साहेबांचा व सुखवस्तू घराण्यांचा शौक होता. घरातील वडीलधारी माणसे तरुण मुलांना हरणाच्या शिकारीला नेत. त्यांतील जाणती माणसे बंदुकीबरोबर काही दंडकही शिकवत. मादीवर व पाडसावर गोळी झाडायची नाही. विणीच्या हंगामात शिकार करायची नाही. नेम पक्का झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही. हरीण जखमी होऊन झाडीत शिरले, तर त्याचा माग अर्ध्यावर सोडायचा नाही. मुक्या जनावराला तडफडत ठेवून घरी परतणे ही नामुष्की समजली जाई. १९१२ साली कायद्यानेही काही पशुपक्ष्यांसाठी शिकारबंदीचा काळ ठरवून देण्याची सोय झाली.

दंडक चांगले होते, पण ते मोडणारेही पुष्कळ होते. पुढे मोटारगाड्या आल्या, लांब पल्ल्याच्या रायफली आल्या. रात्री दिव्याच्या झोतात दिपलेली हरणे टिपणे सोपे झाले. माळावरचे काळविटांचे मोठमोठे कळप विरळ होत गेले. काळविटाच्या शिकारीसाठी बादशहा व संस्थानिक ज्याला पाळत, तो चित्ता तर भारतातून नाहीसाच झाला. १९५२ साली तशी अधिकृत घोषणा झाली. २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडावे लागले.

सलीम अली यांचा मार्ग सरळ नव्हता. १९१४ साली ते भावाच्या मदतीला ब्रह्मदेशात गेले. तेथे धंद्यापेक्षा रानावनातील पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक असे. मुंबईला परतल्यावर सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने ते प्राणिशास्त्र शिकले. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यांना मनासारखी नोकरी मिळेना. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते मार्गदर्शक झाले. पुढे जर्मनीत बर्लिन येथे स्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाजवळ ते शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! ते खचले नाहीत. अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. ताडामाडांवरच्या त्या विणलेल्या घरट्यांनी त्यांना विद्वानांत नाव मिळवून दिले.

याच काळात त्यांनी मोगल बादशहांच्या शिकारीवर व निसर्गप्रेमावर एक लेखमाला लिहिली. ती १९२७-२८ मध्ये प्रसिद्ध झाली. जहांगीर बादशहा मोठा शिकारी होता, तसाच बारीक नजरेचा निरीक्षकही होता. त्याचे मनसराज नावाचे एक लाडके पाळीव हरीण मेले. तेव्हा त्याने आज पाकिस्तानात असलेल्या शेखूपुरा येथे त्याचे स्मारक उभारले आणि त्या परिसरात हरणाची शिकार करण्यास मनाई केली. आवड आणि अभ्यास एकत्र आले, म्हणजे हात आपोआप आवरला जातो.

१९३१-३२ साली सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळाला, की त्यांना वेगळा पगार नको असे. आपला बीड जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. बालाघाटच्या डोंगरातील कपिलधार आपल्याला मन्मथस्वामींच्या समाधीमुळे व पावसाळ्यातील धबधब्यामुळे परिचित आहे. जिल्ह्याच्या या डोंगराळ भागात मोर आहेत. माळरानावर काळवीट व चिंकारा आढळतात. त्यांना आपण हरीणच म्हणतो. पण खऱ्या हरणाची शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. काळविटाची व चिंकाऱ्याची शिंगे जन्मभर टिकतात. पाटोदा तालुक्यात नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झाले. हरणांचे कळप कोवळी पिके खातात, तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान होते, हेही खरे आहे. त्यासाठी सरकारकडे भरपाई मागता येते. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मोर, काळवीट व चिंकारा यांची शिकार हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. जुन्या शिकाऱ्यांचे दंडक अपुरे पडले, म्हणून कायद्याला पुढे यावे लागले.

सलीम अली यांनी शिकारीचा सरसकट तिरस्कार केला नाही. अभ्यासासाठी त्यांनी स्वतःही पक्षी मारले. मात्र गरज आणि हव्यास यांतील फरक ते ओळखून होते. राजस्थानातील भरतपूरच्या सरोवरावर १९३८ साली एकाच दिवशी ४,२७३ पाणपक्षी मारले गेले होते. ते सरोवर टिकावे म्हणून सलीम अली यांनी पुढे अनेक वर्षे खटपट केली. तेथील पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा शोध घेण्याचे काम त्यांनी केले. जेथे बंदुकांचे बार उडत, तेथे आज राष्ट्रीय उद्यान आहे.

१९३९ साली तेहमिना बेगम यांचे निधन झाले. हे दुःख गिळून त्यांनी काम चालू ठेवले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि त्यामुळे हजारो मुलांना पक्षी ओळखण्याचा नाद लागला. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तरुण संशोधकांनाही त्यांनी तयार केले. ते शिस्तीला कडक होते. पाहिले तेवढेच लिहावे, पदरचे काही घालू नये, हा त्यांचा आग्रह असे. मिलार्ड यांच्याकडून जे मिळाले, ते त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती दिले.

भारत सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब दिले. १९७६ सालीच त्यांना पन्नास हजार डॉलरचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील बहुतेक रक्कम त्यांनी नॅचरल हिस्टरी सोसायटीला देऊन टाकली. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले. १९८७ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरातील एका सरोवराला सलीम अलींचे नाव आहे. तेथे पक्षी पाहायला जाणाऱ्याने सोबत एक वही जरूर न्यावी. मुलांच्या हातात गलोल दिसली, तर थोरांनी ती केवळ हिसकावून घेऊ नये. समोर फांदीवर बसलेल्या पक्ष्याचे नाव काय, तो काय खातो, घरटे कोठे बांधतो, असे प्रश्न त्यांना विचारावेत. उत्तर शोधू लागलेला मुलगा दगड मारायचे आपणच विसरतो.