झाटोपेकच्या चारशे मीटरच्या फेऱ्या

एमिल झाटोपेकला मुळात धावायचेच नव्हते. चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावी बाटाच्या बूट कारखान्यात तो कामाला होता. १९४१ मध्ये कारखान्याने तरुण कामगारांना शर्यतीत उतरवले. आपण अशक्त आहोत असे सांगून त्याने पळवाट काढून पाहिली, पण तपासणीत तो ठणठणीत निघाला. मग धावला आणि शंभर जणांत दुसरा आला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

पुढे त्याने सरावाची जी पद्धत धरली, तिच्याकडे सुरुवातीला लोक चक्रमपणा म्हणूनच पाहत. लांब पल्ला धावायचा म्हणजे लांबच लांब, एका लयीत धावत राहायचे, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज. झाटोपेकचा हिशेब वेगळा होता. संथ धावणे आपल्याला येतेच. शिकायचे आहे ते वेगाने धावणे. म्हणून तो चारशे मीटरची फेरी जोरात धावे, थोडे अंतर हळू पळे, पुन्हा जोरात. अशा वीस फेऱ्या, पुढे चाळीस, कधी त्याहूनही जास्त. लष्करात गेल्यावर जड बूट घालून, बर्फातसुद्धा.

यात शरीरशास्त्र काय? सलग वेगाने धावलो तर काही मिनिटांतच दम संपतो. तोच वेग तुकड्यांत वाटला, तर एकाच दिवशी कितीतरी जास्त वेळ हृदय आणि फुप्फुसांना क्षमतेच्या जवळ काम करावे लागते. हळूहळू हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते. मधल्या संथ पळण्यात स्नायूंत तयार झालेले लॅक्टेट इंधन म्हणून वापरलेही जाते.

फळ दिसले हेलसिंकीत, १९५२ साली. (आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, तेच हे ऑलिंपिक.) आठ दिवसांत झाटोपेकने दहा हजार मीटर, पाच हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता! १९५४ मध्ये दहा हजार मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला माणूस ठरला.

त्याचा पिळवटलेला चेहरा पाहून अनेकांनी एक चुकीचा धडा घेतला, आणि आजही हौशी धावपटू तो गिरवतात: रोज जीव तोडून पळा. पण चाळीस फेऱ्या जीव तोडून धावता येतच नाहीत. त्याच्या बऱ्याच फेऱ्या शर्यतीच्या वेगापेक्षा संथ असत. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण पाचातली चार सत्रे गप्पा मारता येतील इतक्या सहज वेगाची आढळली. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया या संथ धावण्यानेही वाढतात, शिवाय दुखापतीचा धोका कमी. जोराचे सत्र आठवड्यात एक-दोनदा पुरते. पन्नाशीत नव्याने पळू लागलेल्यांनी तेही डॉक्टरांना विचारूनच करावे.

अतिरेकाची किंमत खुद्द झाटोपेकनेही मोजली. पत्नी दाना, हीही ऑलिंपिक विजेती भालाफेकपटू. तिला खांद्यावर घेऊन पळताना त्याला हर्निया झाला असे सांगतात. १९५६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच तो मेलबर्नला मॅरेथॉन धावला. सहावा आला.