एन्टरप्राइझचा कर्ता

आमच्या मामांच्या बोलण्यात एक रविवार हमखास येतो. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही मालिका लागे. मामा तेव्हा शाळेत होते. वाड्यात टीव्ही एकच, त्यामुळे सगळी बिऱ्हाडे त्या एका खोलीत. टोकदार कानांचा स्पॉक पडद्यावर आला की आजी राक्षस समजून उठून जाई, असे मामा अजून रंगवून सांगतात.

त्यांनी फारच भरीस घातले म्हणून मी या वर्षी ती मालिका पाहिली. प्रथम हसूच आले. परक्या ग्रहावरचे खडक रंगवलेल्या पुठ्ठ्याचे वाटत, आणि यान हलले की सगळी नटमंडळी एका बाजूला कलंडत! पण चार-पाच भाग झाले आणि हसू मावळले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. यंत्रांपेक्षा हे ज्याच्या डोक्यातून निघाले त्या माणसाचे कुतूहल मला अधिक वाटले.

तो माणूस म्हणजे जीन रॉडनबेरी. जन्म १९ ऑगस्ट १९२१, टेक्सासमधील एल पासो येथे. वडील लॉस एंजेलिसच्या पोलिसदलात होते, त्यामुळे बालपण त्या शहरात गेले. दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिकच्या आघाडीवर बी-१७ जातीचे बाँबफेकी विमान चालवीत होता. २ ऑगस्ट १९४३ रोजी एस्पिरितू सान्तो बेटावर त्याचे विमान उड्डाणाच्या वेळी धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन झाडांवर आदळले. दोन सहकारी ठार झाले. चौकशीत त्याच्यावर दोष आला नाही. त्या दिवशी त्याला बावीस वर्षे पुरी व्हायला सतरा दिवस बाकी होते, म्हणजे तो आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा फारसा मोठा नव्हता.

युद्ध संपल्यावर तो पॅन अॅम या विमान कंपनीत लागला. १८ जून १९४७ रोजी त्याचे विमान कराचीहून इस्तंबूलला निघाले. (कराची त्या दिवशी अजून अखंड हिंदुस्थानात होती, फाळणी दोन महिन्यांवर आली होती.) वाटेत एका एंजिनाने पेट घेतला आणि रात्री विमान सीरियाच्या वाळवंटात कोसळले. विमानात ३६ माणसे होती. मुख्य वैमानिक गेला. कर्मचाऱ्यांपैकी तिघेच वाचले आणि त्या तिघांत अधिकाराने वरचा रॉडनबेरीच होता. बरगड्या मोडलेल्या असताना त्याने जळत्या विमानातून प्रवाशांना ओढून बाहेर काढले. पुढच्या वर्षी त्याने ती नोकरी सोडली. त्याच्या मालिकेतला कप्तान यानावरचा एखादा साधा शिपाई मेला तरी क्षणभर गप्प होतो. तो क्षण पाहताना मला हे वाळवंट आठवल्याशिवाय राहत नाही.

१९४९ मध्ये तो वडिलांसारखाच लॉस एंजेलिसच्या पोलिसात शिरला. पण त्याचे मन लेखनात होते. पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांची भाषणे तो लिहून देई आणि फावल्या वेळात टीव्हीसाठी कथा लिही. कृष्णवर्णीय नागरिकांना दिलेल्या वागणुकीबद्दल ज्या खात्यावर सडकून टीका झाली, त्याच्या प्रमुखाचा हा भाषणलेखक! १९५६ मध्ये राजीनामा देऊन तो पूर्णवेळ लेखक झाला.

आता मला जो प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो सांगते. १९६३ साली त्याची ‘द लेफ्टनंट’ नावाची, मरीन सैनिकांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली. तिच्या एका भागात सैन्यातल्या वर्णद्वेषाची कथा होती. चित्रीकरण झाले, भाग तयार झाला, पण एनबीसी वाहिनीने तो दाखवला नाही. मालिकाही एका हंगामातच बंद पडली. त्या भागात काम केलेली निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री पुढे ‘स्टार ट्रेक’मध्ये उहुरा नावाची अधिकारी झाली. आजचा अमेरिकन सैनिक दाखवला की कात्री लागते. तेच तेविसाव्या शतकात, दुसऱ्या ग्रहावर नेले तर? १९६४ मध्ये त्याने नव्या मालिकेचा आराखडा लिहिला तो याच हिशेबाने.

आपल्याकडे ही युक्ती जुनी आहे. खाडिलकरांनी ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आणले. प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला बरोबर ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खाडिलकर महाभारतात मागे गेले, रॉडनबेरी तीनशे वर्षे पुढे गेला. फरक इतकाच की त्याचे सरकार म्हणजे जाहिरातदार, आणि त्यांना ग्रहावरच्या गोष्टी निरुपद्रवी वाटल्या.

हे मला इतके जवळचे वाटायला कारण आहे. गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी आम्ही एकांकिका बसवली होती. गावातल्या पाणवठ्यावरचा एक प्रवेश मी लिहिला होता. तो वादग्रस्त होईल म्हणून प्रयोगाच्या आदल्या रात्री आम्हाला गाळावा लागला. मला तेव्हा फक्त रडू आले होते.

‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुनाभाग वाहिनीने नाकारला, तो फार बौद्धिक ठरला. दुसरा पसंत पडला आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. पैशांची ओढाताण पहिल्यापासून होती. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणे परवडेना, म्हणून माणसे किरणांतून खाली पाठवण्याची कल्पना निघाली! यानाच्या सुकाणूपाशी सुलू हा जपानी वंशाचा अधिकारी बसतो. ते काम करणारा जॉर्ज ताकेई लहानपणी, युद्धकाळात, जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेतच कुटुंबासह छावणीत डांबला गेला होता. जपानशी लढलेल्या वैमानिकाने त्याला आपल्या यानाचे सुकाणू दिले. शीतयुद्ध ऐन भरात असताना दुसऱ्या हंगामात एक रशियन तरुणही आला. पहिल्या हंगामानंतर निकोल्स मालिका सोडणार होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, असे ती सांगत असे.

मामांना सर्वांत आठवतो तो भाग १९६९ चा. दोन परग्रहवासी, दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. तेवढ्यावरून वैर, आणि ग्रह बेचिराख झाला तरी ते संपत नाही.

पण ही कथा रॉडनबेरीची नव्हे. ती टोपणनावाने लिहिली जीन कून याने. क्लिंगॉन ही शत्रूंची जमातही कूनचीच. डोरोथी फाँटाना हिनेही मालिकेला पुष्कळ दिले. रॉडनबेरी मात्र सगळे श्रेय स्वतःकडे घेत गेला. अलेक्झांडर करेज याच्या शीर्षकसंगीतावर त्याने शब्द लिहिले. मालिकेत ते कधीच गायले गेले नाहीत, पण करारातल्या कलमाच्या जोरावर संगीताचे अर्धे मानधन त्याला मिळू लागले. पहिल्या नमुनाभागात यानाची उपप्रमुख स्त्री होती, आणि वाहिनीला स्त्री नको होती असे तो सांगे. हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन या सहकाऱ्यांनी १९९६ च्या पुस्तकात वेगळे लिहिले : हरकत स्त्रीला नव्हती, त्या भूमिकेत त्याने आपली प्रेयसी मॅजेल बॅरेट हिला घेतले याला होती. हे वाचून मी दोन दिवस हा लेख बाजूला ठेवला. पैशाची हाव संपलेले जग रंगवणारा माणूस मित्राच्या सुरांतला वाटा काढून घेतो, हे मला आजही नीट पचलेले नाही. पण पुठ्ठ्याचे खडक पुन्हा पाहिले तर ते काही खोटे झालेले नव्हते, म्हणून लेख पुरा केला.

पुढचे थोडक्यात. प्रेक्षकांच्या पत्रांच्या पावसामुळे मालिकेला तिसरा हंगाम मिळाला, पण वेळ शुक्रवारी रात्री दहाची. रॉडनबेरीने रोजच्या कामातून अंग काढून घेतले आणि ७९ भागांनंतर, १९६९ मध्ये, ती थांबली. पुनःप्रक्षेपणांतून ती खरी लोकप्रिय झाली. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळेच अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-शटलला एन्टरप्राइझ हे नाव मिळाले, आणि शटल बाहेर आणताना रॉडनबेरी नटमंडळींसह तिथे उभा होता. गंमत अशी की ते शटल चाचणीपुरतेच होते, अवकाशात कधी गेलेच नाही. १९७९ चा चित्रपट खर्चाबाहेर गेल्यावर पुढच्या चित्रपटांची सूत्रे दुसऱ्यांकडे गेली. १९८७ मध्ये त्याने नवी मालिका उभी केली. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी तो वारला.

त्याच्या अस्थींचा थोडा अंश १९९२ मध्ये कोलंबिया शटलमधून वर जाऊन परत आला. १९९७ मध्ये काही अंश एका रॉकेटमधून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडला गेला. पाच वर्षे तो फिरत राहिला आणि २००२ मध्ये वातावरणात शिरून जळून गेला.

हे मामांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्या एकांकिकेची वही मागितली. पाणवठ्याचा प्रवेश अजून तिच्यात आहे. तो कुठल्या ग्रहावर न्यायचा, यावर सध्या आमचा वाद चालू आहे.