शिल्पकार करमरकर

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी सासवणे हे लहानसे गाव आहे. तेथे २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. बालपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र रेखाटले. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. त्यांनी चित्रकर्त्या मुलाचा शोध घेतला व मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एरव्ही भिंत खराब केल्याबद्दल मुलाच्या वाट्यास मारच यावयाचा!

कलाशाळेत विनायकरावांनी मूर्तिकलेचा अभ्यास करून मेयो पदक मिळविले. पुढे कलकत्त्यास जाऊन त्यांनी शिल्पशाळा थाटली. तेथे कामाची वाण नव्हती. तरीही १९२० साली ते विलायतेस गेले आणि लंडनच्या रॉयल अकादमीत पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. धातूच्या ओतकामाचे ज्ञानही त्यांनी युरोपातच मिळविले.

त्या ज्ञानाची कसोटी लवकरच लागली. पुण्यातील शिवस्मारकाची कोनशिला १९२१ साली बसविण्यात आली होती. अश्वारूढ पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले, तेव्हा हाती वेळ थोडा होता. एवढा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडणे सोपे. परंतु त्यांनी तो अखंड ओतण्याचा निश्चय केला. यात धोका मोठा होता. वितळलेला रस थंड होण्यापूर्वी साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला पाहिजे. मध्येच तो थिजला अथवा साचा फुटला, तर महिन्यांचे श्रम क्षणात मातीमोल व्हावयाचे. मुंबईत माझगावच्या गोदीत हे ओतकाम पार पडले. सुमारे साडेतेरा फूट उंच व आठ टन वजनाचा तो पुतळा रेल्वेने पुण्यास नेण्यात आला आणि १६ जून १९२८ रोजी त्याचे अनावरण झाले. ज्या महाराजांचे चित्र देवळाच्या भिंतीवर काढले, तेच आता ब्राँझमध्ये उभे राहिले होते.

पुढे मानसन्मान आले, पद्मश्रीही लाभली. मात्र सासवण्याची ओढ सुटली नाही. तेथील घरी त्यांनी गावची माणसे व जनावरे साध्या सिमेंटमध्ये घडविली. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंगणात बसलेली सिमेंटची म्हैस आजही येणाऱ्यांना क्षणभर खरीच भासते.